वाचकांचे प्रश्न: पावसाळ्यात जंगल बंद, मग जायचं कुठे?

मृगाचा पाऊस पडला की सहलींची आखणी विस्कटते आणि आमच्याकडे जंगलाविषयीच्या प्रश्नांची रीघ लागते. व्याघ्र प्रकल्पांच्या पावसाळी बंदीबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं या अंकात देत आहोत.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आम्हा सहा जणांना सुट्टी मिळाली आहे. ताडोबा १ जुलैपासून बंद होतो असं कळलं, पण एजंट म्हणतो, "बफर चालू असतो, वाघ नक्की दाखवतो." पैसे भरावेत का? (एक वाचक, पुणे)

बफर चालू असतो हे खरं. "नक्की दाखवतो" हे मात्र कोणीच, कोणत्याही महिन्यात म्हणू शकत नाही. असं म्हणणाऱ्याकडे पैसे भरू नका.

ताडोबा-अंधारी प्रकल्पाचा गाभा, म्हणजे कोअर, १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात पर्यटकांसाठी बंद असतो. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी ही कोअरची प्रसिद्ध गेटं या तीन महिन्यांत उघडत नाहीत. भोवतालच्या बफर क्षेत्रातली गेटं मात्र पाऊस झेपेल तशी चालू राहतात. मोहर्लीच्या बाजूला आगरझरी, देवाडा, अडेगाव, जुनोना ही गेटं आहेत. चिमूरच्या बाजूला मदनापूर, अलीझंझा, निमढेला, रामदेगी. बफर म्हणजे दुय्यम जंगल, असा अनेकांचा समज असतो. तो सोडून द्या. वाघाला सीमारेषा ठाऊक नसते, आणि बफरमध्ये पिल्लं वाढवणाऱ्या वाघिणीही असतात. फरक एवढाच की बफरमध्ये गावं आहेत, गुरं चरतात, शेतं आहेत. त्यामुळे इथलं जंगल तुकड्यातुकड्यांत भेटतं.

अडचण गेटची नसते, रस्त्याची असते. रात्री जोराचा पाऊस झाला तर सकाळची फेरी रद्द होऊ शकते, किंवा गाडी आत गेल्यावर अर्धे रस्ते बंद सापडतात. म्हणून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. पावसामुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळतात की तारीख बदलून मिळते? त्या गेटमधले किती रस्ते सध्या चालू आहेत? आणि गाइड त्याच गावातला आहे का? तिसरा प्रश्न आम्ही मुद्दाम घालतो. पावसात कुठला नाला कधी चढतो हे गावातल्या माणसाला ठाऊक असतं.

आरक्षण वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, त्यामुळे तुमचं काम एका गाडीत भागेल. ज्या ओळखपत्रावर आरक्षण केलं तेच मूळ ओळखपत्र गेटवर लागतं, आणि नाव जुळलं नाही तर वाद घालून उपयोग नसतो. ताडोब्याला मंगळवारी साप्ताहिक सुट्टी असते हे विसरून अनेक कुटुंबं एक दिवस वाया घालवतात. सफारीत मोबाइल नेता येत नाही, तेव्हा फोटो काढायचे असतील तर कॅमेरा हवा.

तीन दिवस असतील तर दोनच फेऱ्या ठेवा, त्याही दोन वेगळ्या गेटांवरून आणि वेगवेगळ्या दिवशी. एक फेरी पावसात गेली तरी दुसरी हाती राहते.

पावसाळा हा वाघांच्या विणीचा काळ असतो, म्हणून जंगल बंद ठेवतात, असं मुलांच्या पुस्तकात वाचलं. हे बरोबर आहे का? (एक शिक्षिका, नाशिक)

अर्धवट आहे. वाघांचा असा ठरावीक विणीचा हंगाम नसतो. मीलन वर्षातून केव्हाही होतं, गर्भारपण साधारण साडेतीन महिन्यांचं असतं, आणि पिल्लं मे महिन्यातही दिसतात, डिसेंबरमध्येही. पावसाळ्यात वीण होते ती बेडकांची, अनेक पक्ष्यांची, कीटकांची. ही वीण गाडीच्या चाकाखाली येते, कारण बेडूक आणि कासवं रस्त्यावरच्या डबक्यांत आणि रस्ता ओलांडताना सापडतात.

बंदीचं मोठं कारण माती आहे. जंगलातले रस्ते डांबरी नसतात. ओल्या मातीवरून एक जिप्सी गेली की चाकोरी पडते. पुढचं पाणी त्याच चाकोरीतून धावतं आणि ती खोल करत जातं. दहा गाड्यांनंतर चाकोरीचा ओहोळ होतो आणि रस्त्याची माती शेजारच्या नाल्यात जाऊन बसते. मग ऑक्टोबरमध्ये तो रस्ता नव्याने करावा लागतो. शिवाय चाक रुतलं तर ढकलायला पर्यटकांना खाली उतरवता येत नाही, आणि दुसरी गाडी मदतीला यायची म्हटली तर तीही रुतते. नाल्याला अचानक पाणी आलं तर गाडी दोन नाल्यांच्या मध्ये अडकून पडते.

दुसरं कारण सहसा कोणी सांगत नाही. या तीन महिन्यांत वनरक्षकांचं काम कमी होत नाही, ते अवघड होतं. गाडी जात नाही म्हणून गस्त पायी घालावी लागते. पावसाच्या आवाजात चोरट्यांची चाहूल लागत नाही, त्यांचे माग धुऊन जातात आणि वाढलेल्या गवतात फासे दिसत नाहीत. पर्यटकांच्या गाड्या सांभाळण्यात गुंतलेली माणसं या दिवसांत गस्तीला मोकळी व्हायला हवीत. मुलांना कारण सांगायचंच असेल तर हे सांगा. वनरक्षकाचं काम त्यांना कळेल.

बफर सफारीत पावसाळ्यात नक्की काय दिसतं? उन्हाळ्यासारखे प्राणी पाणवठ्यावर येत नसणार. (एक वाचक, अकोला)

बरोबर, येत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पाणी चार ठिकाणी असतं, म्हणून प्राणी तिथे येतात. जुलैत प्रत्येक खळग्यात पाणी असतं, गवत कमरेपर्यंत आणि सागाची पानं पूर्ण उलगडलेली. नजर दहा-पंधरा फुटांपलीकडे जात नाही. तरी एक गोष्ट तुमच्या बाजूने असते: ओल्या उंच गवतातून चालण्यापेक्षा वाघ-बिबट्यांना मोकळा रस्ता सोयीचा पडतो. त्यामुळे पाऊस थांबल्यावरच्या तासाभरात रस्त्यावर ताजे ठसे सापडतात. ठशाच्या कडा धारदार असतील आणि आत पाणी साचलेलं नसेल तर तो पाऊस उघडल्यानंतरचा. कडा विरघळल्या असतील तर जनावर सरीच्या आधीच पुढे निघून गेलेलं. गाइडला गाडी थांबवून हे दाखवायला सांगा. आनंदाने दाखवतात.

वाघ हेच एकमेव लक्ष्य ठेवलं तर पावसाळी फेरी कोरडी वाटेल. पण या दिवसांत जे दिसतं ते मे महिन्यात दिसत नाही. पहिल्या सरींनंतर लाल मखमली मृगाचे किडे जमिनीवर फिरताना दिसतात, तेही थोडेच दिवस. विणीला आलेला नवरंग पक्षी सकाळी दोन सुरांची शीळ घालतो. त्याच्या आवाजाच्या दिशेला पण जमिनीकडे पाहा, कारण तो पालापाचोळा उलटत चारा शोधतो. चातक याच दिवसांत दिसतो. बेडकांचे फेसाळ घरटे पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना लटकलेले असतात. ऑगस्टनंतर मोठ्या कोळ्यांची जाळी रस्त्याच्या दोन्ही कडांना ताणलेली दिसतात. उन्हाची तिरीप पडली की त्यांचे धागे पिवळसर चमकतात.

साग नीट बघा. जुलैत काही सागवन चक्क निष्पर्ण दिसतं आणि लोकांना वाटतं झाडं मेली. ती मेलेली नसतात. अळ्यांनी पानं खाल्लेली असतात आणि थोड्याच आठवड्यांत नवी पालवी येते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात दुसरी अळी येते. ती शिरा तेवढ्या ठेवते आणि पानाची जाळी करते. जंगलाच्या हद्दीबाहेर, रस्त्याकडेला सागाचं कोवळं पान गळून पडलेलं मिळालं तर बोटांनी चुरडून बघा, बोटं लालभडक होतात. हद्दीच्या आत मात्र पान, फूल, अळंबी, पीस, काहीही उचलायचं नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते वर्ज्य आहे.

आई-वडील सत्तरीचे आहेत, वडिलांना कंबरदुखी आहे. जिप्सीत बसवणं धोक्याचं वाटतं. त्यांच्यासाठी दोन दिवसांचं काही सुचवा. (एक वाचक, सोलापूर)

वडिलांना बसवायचंच असेल तर चालकाच्या लगेच मागच्या ओळीत बसवा. शेवटची ओळ मागच्या आसावर येते, खड्ड्याचा पूर्ण धक्का तिथेच बसतो. मणक्याचा त्रास जुना असेल तर पावसाळी रस्त्यावर हा मोह टाळलेलाच बरा.

सफारीशिवायही चंद्रपुरात दोन दिवस भरून जातात. शहराला गोंड राजांचा परकोट आहे. जटपुरा आणि पठाणपुरा हे दरवाजे गाडीतूनही पाहता येतात. अंचलेश्वराच्या देवळापाशी गोंड राजांच्या समाध्या आहेत, महाकालीचं मंदिर जवळच. दुसऱ्या दिवशी नागपूर रस्त्याने भद्रावती: विजासनची बौद्ध लेणी आणि जैन मंदिर. लेण्यांच्या पायऱ्या पावसात निसरड्या होतात, काठी न्या. तसंच पुढे वरोऱ्याजवळ आनंदवन आहे. बाबा आमटेंनी उभं केलेलं ते काम शांतपणे पाहायला अर्धा दिवस ठेवा.

वैनगंगेकाठचं मार्कंडा देऊळ अनेकांच्या यादीत असतं आणि त्यावरचं कोरीव काम पाहण्यासारखंच आहे, पण नदीला पूर असताना तिकडे निघू नका.

पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूने आलात तर रामटेकचा गड आहे. देवळाच्या बऱ्याच जवळपर्यंत गाडी जाते, म्हणून वयस्कर मंडळींना झेपतो. नागपुरात गोरेवाड्याच्या प्राणिउद्यानात बंद बसमधून वाघ, अस्वल, बिबटे पाहता येतात. सोमवारी बंद असतं. रानातल्या वाघाची सर त्याला नाही, पण कंबर दुखणाऱ्या माणसाला दोन तास आरामात बसून प्राणी पाहता आले तर त्यात काही कमी नाही.

गाडी स्वतःची घेऊन जाणार आहोत. विदर्भातले रस्ते पावसात कसे असतात? (एक वाचक, जालना)

महामार्ग चांगले आहेत. प्रश्न येतो तो शेवटच्या वीस-तीस किलोमीटरमध्ये, जिथे नाल्यावर पुलाऐवजी रपटा, म्हणजे नाल्याच्या तळालगत बांधलेला ठेंगणा रस्ता असतो. वर ऊन असलं तरी वरच्या खोऱ्यात पडलेला पाऊस तास-दोन तासांनी तुमच्यापर्यंत येतो. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर ते किती खोल आहे याचा अंदाज गाडीतून लागत नाही, आणि पाण्याखालचा रस्ता वाहून गेला आहे की शाबूत आहे हेही कळत नाही. वाहतं पाणी घोट्याच्या वर आलं की माणूस तोल जाऊन पडू शकतो. फूटभर पाणी छोटी मोटार उचलून नेतं, कारण गाडीच्या तळाखाली पाणी शिरलं की चाकांची पकड सुटते. एसटी गेली म्हणून आपणही जाऊ, या हिशेबात दर वर्षी गाड्या वाहून जातात. एसटीचं वजन आणि उंची तुमच्या गाडीला नाही. थांबा. पाऊस उघडला तर लहान नाल्याचं पाणी बहुतेक वेळा काही तासांत उतरतं.

मुक्कामाला अंधार पडायच्या आत पोचा, टाकी शहरातच भरा, आणि मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून "आज कुठला रपटा बंद आहे?" एवढं निघण्यापूर्वी विचारा. रात्री जंगलालगतच्या रस्त्यावर वेग चाळीसच्या खाली ठेवा. ओल्या रात्री साप, बेडूक आणि सांबरं डांबरावर येतात.

आम्ही ठाण्यात राहतो. विदर्भापर्यंत जाणं शक्य नाही. सह्याद्रीत पावसाळ्यात कुठलं जंगल उघडं असतं? (एक वाचक, ठाणे)

तुमच्या दाराशीच बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. ते पावसाळ्यातही चालू असतं, सोमवारी बंद. कान्हेरी लेणी पाहायला हाच ऋतू उत्तम, कारण लेण्यांत खोदलेल्या पाण्याच्या टाक्या आणि पन्हळी चालू अवस्थेत दिसतात. डोंगराचं पाणी कसं अडवलं, कुठून कुठे वळवलं, हे कोरड्या महिन्यांत नुसतं वाचावं लागतं. ओढ्यात उतरायला मनाई असते आणि ती पाळा. वरच्या कातळावर शेवाळ असतं आणि पाणी मिनिटांत चढतं. उद्यानातल्या निसर्गवाटांवर परवानगीशिवाय जाता येत नाही. उद्यानाच्या माहिती केंद्रातर्फे गाइडसह फेऱ्या निघतात, त्यांत नाव नोंदवा.

पनवेलजवळचं कर्नाळा अभयारण्य ही दुसरी जागा. जून ते सप्टेंबर इथे तिबोटी खंड्या विणीला असतो. चिमणीएवढा पक्षी, पोट पिवळंधमक, पाठीवर निळा-जांभळा, चोच तांबडी. ओढ्याच्या मातीच्या काठात बोगदा खणून तो घरटं करतो. घरट्यासमोर कॅमेरा रोखून बसू नका. माणूस समोर असला की चारा चोचीत धरलेला पक्षी फांदीवर ताटकळतो, आत जात नाही, आणि पिल्लं उपाशी राहतात. वाटेवर लांब उभं राहा, शीळ ऐका आणि तो उडत गेला की समाधान माना.

चांदोली आणि राधानगरीचं दाजीपूर पावसाळ्यात बंद ठेवतात. तिथे पाऊसच इतका असतो की बंदी नसती तरी आत जाणं शहाणपणाचं ठरलं नसतं. मेळघाटात कोअर बंद असताना चिखलदरा मात्र ऐन बहरात असतो: भीमकुंड, पंचबोल, गाविलगड. धुकं इतकं दाट येतं की कठडा नसलेल्या कड्यावर पाऊल टाकताना खाली काय आहे ते दिसत नाही. मुलांचा हात सोडू नका.

सप्टेंबरपर्यंत थांबायची तयारी असेल तर साताऱ्याचं कास पठार. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना २०१२मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत कास आहे. तेरडा, सीतेची आसवे, गेंद, सोनकी यांचा बहर पावसावर अवलंबून दरसाल पुढे-मागे होतो, म्हणून महिनाभर आधी तारीख पक्की करू नका. दिवसाला येणाऱ्यांची संख्या मर्यादित असल्याने ऑनलाइन आरक्षण लागतं. शक्यतो मंगळवार-बुधवार गाठा, कारण शनिवार-रविवारी फुलांपेक्षा माणसं जास्त दिसतात.

सह्याद्रीत जळवा भेटणारच. पँट मोज्यात खोचा, मोज्याच्या वर तंबाखूचं पाणी किंवा मीठ चोळा. जळू लागली तर तिच्यावर मीठ टाकू नका, काडी लावू नका. तसं केल्यावर ती पोटातलं जखमेत ओकते. बारीक तोंडाच्या बाजूने नख कातडीला टेकवून सरकवा, तोंड सुटलं की दुसरं टोक सोडवा. रक्त बराच वेळ वाहतं, कारण जळू रक्त न गोठण्याचं द्रव्य सोडते. स्वच्छ कापड दाबून धरा, घाबरू नका.

पावसाळी जंगलातून आणलेल्या लेन्सला बुरशी लागली. पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करावं? (एक वाचक, कोल्हापूर)

बुरशी जंगलात लागत नाही, घरी आल्यावर ओली बॅग कपाटात ठेवल्याने लागते. परतल्या दिवशीच बॅग रिकामी करा, लेन्स पुसून पंख्याखाली ठेवा आणि मग हवाबंद डब्यात सिलिका जेलसह. जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडं करावं लागतं, नाहीतर डब्यात ते असून नसल्यासारखं. एसीच्या खोलीतून सफारीला निघताना कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या, तरच काचेवर दव धरत नाही. आत लेन्स बदलू नका. ढगाळ जंगलात उजेड फार कमी असतो. शटरचा वेग १/५०० सेकंदाहून मंद करण्यापेक्षा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, १६०० ते ३२०० पर्यंत वाढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

१ ऑक्टोबरला कोअर उघडतं. पहिल्याच आठवड्याचं आरक्षण मिळत असेल तर घ्यावं का? (एक वाचक, नागपूर)

हिरवं जंगल पाहायचं असेल तर घ्या. वाघासाठी जात असाल तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत थांबा. ऑक्टोबरच्या आरंभी गवत उंचच असतं, काही रस्ते दुरुस्तीत असतात, परतीचा पाऊस फेरी बुडवू शकतो आणि गांधी जयंतीच्या सुट्टीमुळे गर्दी होते. पेंचचं डार्क स्काय पार्क, म्हणजे आकाशदर्शनासाठी काळोख जपलेला भाग, पाहायचं मनात असेल तर तेही पावसाळ्यात व्यर्थ. जानेवारी २०२४मध्ये देशातला पहिला असा दर्जा या भागाला मिळाला, पण ढगांपुढे दुर्बीण काय करणार? नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला अमावास्येचा आठवडा निवडा.

महाराष्ट्राबाहेर पावसाळ्यात कुठे सफारी मिळते? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

रणथंबोरमध्ये १ ते ५ हे झोन जुलै ते सप्टेंबर बंद, ६ ते १० चालू असतात. कॉर्बेटमध्ये ढिकाला १५ जून ते १५ नोव्हेंबर बंद, झिरना आणि ढेला वर्षभर चालू. गीर १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद, मात्र देवळियाचं कुंपणातलं सफारी पार्क चालू राहतं. कान्हा, बांधवगडचे कोअर आपल्यासारखेच बंद. काझीरंगा ब्रह्मपुत्रेच्या पुरामुळे मेपासून ऑक्टोबरपर्यंत साधारण बंदच धरा. कर्नाटकातलं बंदीपूर आणि नागरहोळे पावसातही चालू असतात. चालण्याची तयारी असेल तर उत्तराखंडातली फुलांची दरी जुलै-ऑगस्टमध्येच बघायची असते. आत मुक्काम करता येत नाही, घांघरियाहून सकाळी जाऊन दिवसाउजेडी परतायचं. मात्र त्या दिवसांत दरडींमुळे रस्ते बंद पडतात, म्हणून दोन दिवस राखीव ठेवा.

गेल्या वर्षी जंगलातून परतल्यावर दहा-बारा दिवसांनी भावाला कडक ताप आला, निदान व्हायला वेळ लागला. कशाची काळजी घ्यावी? (एक वाचक, वर्धा)

डेंगी-मलेरियाबरोबर स्क्रब टायफसचं नाव लक्षात ठेवा. २०१८मध्ये नागपूर आणि आसपास त्याची साथ आली होती. गवतातल्या अतिसूक्ष्म माइटच्या अळ्या चावल्याने हा ताप येतो, आणि चावल्यापासून एक ते तीन आठवड्यांनी, म्हणजे सहल विसरल्यावर येतो. चावल्याजागी बऱ्याचदा काळी, न दुखणारी खपली धरते: काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली. दुखत नाही म्हणून ती रुग्णाला सापडत नाही, दुसऱ्याने शोधावी लागते. वेळेत ओळखलं तर साध्या गोळ्यांनी बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंड, मेंदूपर्यंत जातो.

म्हणून गवतावर थेट बसू नका, कपडे गवतावर वाळत घालू नका. पूर्ण बाह्या, मोज्यात खोचलेली पँट आणि डीट हे कीटक दूर ठेवणारं रसायन असलेलं मलम वापरा. मुक्कामावर परतताच कपडे बदलून साबणाने खसखसून आंघोळ करा. आणि तीन आठवड्यांच्या आत ताप आला तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता पहिल्याच वाक्यात सांगा: अमुक तारखेला जंगलात होतो.